बोलणं वेगळं, देणं वेगळं

अगं,

मॉक इंटरव्ह्यूत 'ओलिसांच्या बदल्यात अतिरेकी सोडाल का?' असं विचारलं आणि तू ठणकावलंस, 'दहशतवाद्यांशी बोलणीच करणार नाही.' पॅनेलने माना डोलावल्या आणि तेव्हापासून तुझी झोप उडाली आहे. उडू दे. बोलणं वेगळं, देणं वेगळं. तू दोन्ही एकाच वाक्यात कोंबलंस.

डिसेंबर १९९९ आठव. इंडियन एअरलाइन्सचं आयसी ८१४ विमान काठमांडूहून दिल्लीला निघालं आणि अपहरण होऊन पोचलं अफगाणिस्तानात, कंदाहारला. अपहरणकर्त्यांना हवे होते ३६ अतिरेकी, २० कोटी डॉलर आणि भारतात पुरलेल्या सज्जाद अफगाणी या अतिरेक्याचा मृतदेह. काटजू, डोवाल, सहाय हे आपले अधिकारी २७ तारखेला तिथे गेले आणि घासाघीस करत ३६ वरून तिघांवर आणलं. पैसे आणि मृतदेह या मागण्या तर इस्लामला धरून नाहीत म्हणत तिथे सत्तेवर असलेल्या तालिबाननेच सोडायला लावल्या! जिला आपण मान्यताही दिली नव्हती, त्या राजवटीने. तिथे आपला वकिलातीतला एक माणूस आधीपासून बसलेला असता तर? बोलणं वेगळं, देणं वेगळं, आणि बोलणं संकटाच्या आधी सुरू व्हावं लागतं.

ते तिघे कोण होते, हे मला सांगू नकोस. मसूद अझहर, उमर शेख, मुश्ताक झरगर. पुढचं जैश, पत्रकार डॅनियल पर्लचा खून, संसदेवरचा हल्ला, पुलवामा, सगळं पाठ आहे. काश्मीरचे तेव्हाचे मुख्यमंत्री फारुख अब्दुल्लांनी अतिरेकी सोडायला १९८९ मध्ये, गृहमंत्र्यांची मुलगी रुबैया सईदच्या अपहरणाच्या वेळी विरोध केला, ९९ लाही केला. पण त्यांचं भांडण देण्याशी होतं. आणि देण्याचा हिशेब मांडायचाच तर अमृतसरपासून मांड. तिथे विमान जवळपास पाऊण तास उभं होतं. कमांडो वेळेत पोचले नाहीत, दिल्लीत कुणी ठामपणे 'अडवा' म्हणालं नाही, विमान उडालं. पुढे दुबईला २७ प्रवासी उतरवले, सोबत एका तरुणाचा मृतदेह. मधुचंद्राहून परतत होता बिचारा. एवढं गमावून कंदाहारला बसल्यावर हातात उरणार काय?

त्या आठवड्यात मी वर्तमानपत्रात रात्रपाळीला होतो. पंतप्रधानांच्या घराबाहेर नातेवाईक आक्रोश करत होते, आणि आमच्या टेबलावर 'बोलत राहा' म्हणणारा मी एकटा. मवाळ म्हणाले मला. ३१ तारखेला परराष्ट्रमंत्री जसवंत सिंह स्वतःच्या विमानातून त्या तिघांना घेऊन कंदाहारला गेले, तेव्हा तर शिक्का पक्काच झाला. एक जुना दोस्त त्यावरून तुटला. आता तो नाही. फोन त्याने करायला हवा होता, असं मी अजूनही म्हणतो. हसायचं तर हस.

पण ३१ ऑगस्ट २०२१ ला दोह्यात आपले राजदूत पुन्हा सत्तेवर आलेल्या तालिबानच्या प्रतिनिधीला भेटले ना? २०२२ मध्ये काबूलच्या वकिलातीत आपली माणसं परतली ना? तेव्हा मला मवाळ म्हणणाऱ्यांपैकी कुणाचाही आवाज ऐकू आला नाही. असो, हे तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी लिहिलं.

शुक्रवारी येशील तेव्हा हमासने पकडलेल्या इस्रायली सैनिक गिलाद शालितचं प्रकरण वाचून ये. २०११, एका सैनिकासाठी १०२७ कैदी, त्यात पुढे हमासचा प्रमुख झालेला याह्या सिनवार. त्यात बोलण्याने काय मिळालं आणि देण्याने काय गेलं, ते दोन वेगळ्या कागदांवर लिहून आण. एकाच कागदावर आणलंस तर परत पाठवीन.