मंत्रांपलीकडचं इजिप्त

प्रश्न : प्राचीन इजिप्तचं साहित्य म्हणजे थडग्यांतले मंत्रच का? वाचताना प्रकार कसा ओळखायचा?

उत्तर : मंत्र आहेतच, उनास राजाच्या पिरॅमिडमधले इ.स.पू. २३५०च्या सुमाराचे आहेत. पण सुरुवात ‘सिनुहेच्या कथे’पासून करा. ती थडग्यावरच्या आत्मचरित्रासारखी सुरू होते. अमेनेमहात राजाच्या मृत्यूची बातमी कानावर पडताच त्याचा दरबारी सिनुहे घाबरून परदेशी पळतो. पुढे नव्या राजाची स्तुती येते, द्वंद्वयुद्ध येतं, राजाचं पत्र आणि त्याला सिनुहेचं उत्तर येतं, शेवटी राजकन्यांचं गाणंही. एकाच कथेत इतके प्रकार! म्हणून ‘ही कथा की चरित्र?’ असा हट्ट धरू नका. प्रत्येक तुकड्यात कोण कोणाशी बोलतंय, ते पाहा.

उपदेशपर ग्रंथ ओळखणं सोपं. ‘सेबायत’, म्हणजे शिकवण, हा शब्द सुरुवातीलाच असतो आणि बहुधा बाप मुलाला सांगत असतो. खेतीच्या शिकवणीत बाप मुलाला लेखनिकांच्या शाळेत नेताना इतर धंद्यांचे हाल ऐकवतो. विद्यार्थ्यांनी ती इतक्यांदा आणि इतकी चुकत उतरवली, की काही ओळींचा अर्थ आज लागतच नाही. त्यामुळे दोन भाषांतरं शेजारी ठेवूनच वाचावी.

प्रेमगीतांत हमखास गल्लत होते. तिथे प्रियकर-प्रेयसी एकमेकांना ‘भाऊ’, ‘बहीण’ म्हणतात. ते नातं नव्हे, लाडाचं संबोधन आहे.

मूळ पपायरसचं (पाणवनस्पतीपासून केलेल्या कागदावरच्या हस्तलिखिताचं) छायाचित्र मिळालं तर लाल शाई शोधा. नवा भाग बऱ्याचदा तिनेच सुरू होतो, आणि काही प्रतींत ओळीच्या वरचे लाल ठिपके पद्याचे चरण तोडून दाखवतात.