सोर्समधून बिल्ड केलेली ओपनसीव्ही चालवताना प्रोग्राम का कोसळतो?

तुम्ही लिहिलंय की उबंटूवर ओपनसीव्ही, म्हणजे इमेज प्रोसेसिंगची लायब्ररी, सोर्समधून बिल्ड केली, एकही एरर आली नाही, पण सी प्लस प्लसचा प्रोग्राम चालवला की पहिल्याच इमेजला सेगमेंटेशन फॉल्ट येतो, म्हणजे भलत्या मेमरीला हात लागून प्रोग्राम कोसळतो. आणि आता तिसऱ्यांदा बिल्ड लावणार आहात. जरा थांबा. बिल्ड बहुधा ठीकच आहे, मशीनवर ओपनसीव्ही दोन असाव्यात.

आधी दोन ओळींचा प्रोग्राम लिहा. एका ओळीत 'सीव्ही व्हर्जन' हा मॅक्रो छापा, दुसरीत 'गेट व्हर्जन स्ट्रिंग' या फंक्शनचं उत्तर. मॅक्रो हेडरमधून, म्हणजे प्रोग्राममध्ये इन्क्लूड केलेल्या फाइलमधून येतो, म्हणून कंपाइल होतानाच ठरतो. फंक्शनचं उत्तर मात्र चालताना लोड झालेल्या लायब्ररीकडून येतं. दोन आकडे वेगळे निघाले की चोर सापडला. मग त्या प्रोग्रामवर 'एलडीडी' ही कमांड चालवा, लायब्ररी कुठल्या फोल्डरमधून उचलली जातेय ते दिसेल.

माझं हे असंच झालं होतं. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी कापडातले दोष कॅमेऱ्याने पकडायचं काम होतं. मशीनवर उबंटू २०.०४, त्यात उबंटूच्या पॅकेज मॅनेजरने, म्हणजे एपीटीने, आधीच घातलेली ओपनसीव्ही ४.२. मला नवी हवी होती म्हणून सोर्समधून बिल्ड केली, ती 'यूएसआर लोकल'मध्ये जाऊन बसली. मेकफाइलमध्ये हेडरचा नवा पाथ दिला, लायब्ररीचा द्यायला विसरलो. प्रोग्रामला लायब्ररी जोडणारा लिंकर उबंटूवर सिस्टिमचं फोल्डर आधी बघतो. तिथे त्याच नावाची ४.२ दिसली, त्याने ती घेतली. दोन दिवस मी कॅमेऱ्याच्या केबलवर संशय घेत बसलो होतो! शेवटी तिथल्या जॉबरला, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्याला, रडगाणं सांगितलं तर तो म्हणाला, "साहेब, लॉट मिक्स झाला असंल बघा." रंगाचा शेड नंबर तोच असला तरी सूत दोन लॉटचं लागलं की टॉवेलवर पट्टा उठतो, हे त्याचं रोजचं दुखणं.

अमुक ऑब्जेक्ट किती बाइटचा आणि त्यातली कोणती गोष्ट कितव्या जागी, हे हेडर सांगतं. कंपाइलर ते आकडे तुमच्या प्रोग्राममध्ये पक्के करून टाकतो. लायब्ररी वेगळ्या मापाने बनली असेल तर ती भलत्याच जागी हात घालते. लिंकर फक्त नावं जुळवतो, मापं तपासत नाही, म्हणून तक्रार कुणीच करत नाही.

उपाय सांगतो. नवी बिल्ड 'यूएसआर लोकल'मध्ये टाकू नका. इन्स्टॉल प्रीफिक्स देऊन होम फोल्डरमध्ये व्हर्जनच्या नावाची वेगळी जागा करा आणि प्रोजेक्टच्या सीमेकला, म्हणजे बिल्डची जुळणी करणाऱ्या टूलला, 'ओपनसीव्ही डीआयआर'मधून तिच्यातलंच 'ओपनसीव्ही कॉन्फिग' फाइल असलेलं फोल्डर दाखवा. पाथ बदलला की जुनं बिल्ड फोल्डर पूर्ण उडवा, कारण सीमेकची कॅश फाइल जुना पाथ धरून ठेवते. कॉन्ट्रिब, म्हणजे ओपनसीव्हीची जादा मॉड्यूल्स, घेत असाल तर दोन्ही रेपो एकाच व्हर्जनच्या टॅगवर हवेत. एपीटीची ओपनसीव्ही अख्खी काढू नका, इतर पॅकेजं तिच्यावर उभी असतात. फक्त हेडर वगैरे असलेली डेव्ह पॅकेजं काढली तरी पुरतं.

आकडे सारखे आले आणि लिंक करतानाच 'अनडिफाइंड रेफरन्स' आला, तर त्या मेसेजमध्ये 'सीएक्सएक्स११' हा शब्द शोधा. २०१५ मध्ये जीसीसी ५ने स्ट्रिंगची आतली रचना बदलली, तेव्हापासून जुनी आणि नवी अशा दोन एबीआय, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडने एकमेकांशी जुळण्याच्या पद्धती, आहेत. कुणीतरी दिलेली तयार लायब्ररी जुन्या एबीआयवर असेल तर सगळं एकाच एबीआयवर आणावं लागतं. विंडोजवर डिबग आणि रिलीज मिसळले की असाच घोळ होतो, फक्त व्हिज्युअल स्टुडिओ बऱ्याचदा लिंक करतानाच अडवतो.

आणि मेक चालवताना 'जे' पुढे आकडा घाला. नुसतं 'जे' दिलं तर तो वाटेल तितकी कामं एकदम काढतो आणि ८ जीबीचा लॅपटॉप गोठतो. आमच्याकडे मे महिन्याच्या उकाड्यात तर मी ३च्या वर जातच नाही.