इंजिन बांधताना ऑइल गळू नये म्हणून कुठे कोणतं सीलंट लावावं?

हेड गॅस्केटला, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पत्र्याला, काही लावू नका. कंपनीने सांगितलं असेल तरच. ती कोरडीच बसते. ऑइल चेंबरला (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) आरटीव्ही सिलिकॉन, म्हणजे ट्यूबमधलं रबरासारखं सुकणारं सीलंट, लावा: फेस (जोडाची सपाट कड) थिनरने पुसून दोन-तीन मिलिमीटरची सलग धार, बोल्टच्या छिद्रांच्या आतल्या बाजूने. अख्खी ट्यूब पिळणारे मिस्त्री जालना-लातुरात पैशाला पासरी. तोच जादा लगदा आत सुटून स्ट्रेनरमध्ये, म्हणजे ऑइल ओढणाऱ्या जाळीत, अडकतो नि इंजिन ऑइलवाचून जाम होतं. मशीनिंग केलेल्या धातू-धातूच्या जोडाला मात्र ॲनारोबिक सीलंट, ते हवा मिळेनाशी झाली की घट्ट होतं.

मे महिन्यात 'ऊन मरणाचं आहे, तासाभरात सुकेल' असा हिशेब करू नका. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यावर सुकतं आणि आपल्याकडे तेव्हा हवा ठणठणीत कोरडी. ऑइल दुसऱ्या दिवशीच भरा.