गॅननडॉर्फ जन्मतःच दुष्ट होता का?
फोंड्याला माझा भाचा १९९८ चा ‘ऑकारिना ऑफ टाइम’ हा ‘झेल्डा’ मालिकेतला व्हिडिओ गेम खेळताना त्यातल्या खलनायकाबद्दल हाच प्रश्न विचारतो. माझ्या मते, नाही. शंभर वर्षांतून एकदाच मुलगा जन्मणाऱ्या गेरुडो या वाळवंटी जमातीचा तो राजा. हायरूल राज्याच्या राजापुढे निष्ठेचे सोंग घेऊन तो ट्रायफोर्स या दैवी शक्तीच्या मागे लागतो आणि खेळाचा नायक लिंकने काळाचे दार उघडताच ती जिथे असते त्या पवित्र क्षेत्रात शिरतो. मात्र त्याच्या स्पर्शाने ट्रायफोर्स तीन भागांत विभागतो आणि त्याच्याकडे केवळ सामर्थ्याचा भाग राहतो. शहाणपणाचा भाग राजकन्या झेल्डाकडे, धैर्याचा लिंककडे जातो. याच मालिकेतल्या २००२ च्या ‘विंड वेकर’मध्ये गॅननडॉर्फ स्वतःच सांगतो, की आपल्या वाळवंटात मृत्यू आणणारा वारा हायरूलमध्ये वेगळाच वाहत होता आणि त्या वाऱ्याचाच आपल्याला लोभ जडला होता. त्याची खरी पूर्वकथा मला या कबुलीतच दिसते.