कॅलिफोर्नियात लेऑफ झालाय? सेव्हरन्स संपायची वाट बघू नका

ताई, लेऑफ होऊन तीन आठवडे झाले, सेव्हरन्स (नोकरी गेल्यावर कंपनी देते ती रक्कम) संपला की बेरोजगारी भत्त्याचा अर्ज करीन, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून थांबू नका, याच आठवड्यात ईडीडीच्या (हा भत्ता देणारं राज्याचं खातं) साइटवर क्लेम, म्हणजे भत्त्याचा अर्ज, टाका. ज्या आठवड्यात अर्ज भराल त्याच्या रविवारपासून क्लेम सुरू होतो, नोकरी गेली त्या तारखेपासून नाही. मागची तारीख लावून घ्यायला ठोस कारण लागतं, आणि सेव्हरन्सची वाट बघणं हे कारण चालेल या भरवशावर राहू नका.

कॅलिफोर्नियात सेव्हरन्स म्हणजे पगार धरत नाहीत, त्यामुळे तो हातात असतानाही भत्ता मिळू शकतो. फक्त कंपनीचं पत्र नीट वाचा. नोटिशीच्या बदल्यात दिलेला पगार वेगळा, तो वजा होतो. नोटिस पिरियडभर पेरोलवर ठेवलं असेल, तर तेवढे दिवस तुम्ही बेरोजगार नाहीच. जे जे मिळालं ते सगळं अर्जात लिहा, काय धरायचं ते त्यांना ठरवू दे.

‘सरकारपुढे हात पसरल्यासारखं वाटतं’ हे वाचून वाईट वाटलं. हा विमा आहे. तुमच्या कंपनीने दरवर्षी तुमच्या पगाराच्या पहिल्या 7,000 डॉलरवर त्यासाठी कर भरलाय. (पे-स्टबवर एसडीआय म्हणून कापलं जातं ते आजारपणासाठी, त्याचा याच्याशी संबंध नाही.) तुमचं ग्रीन कार्ड आहे, हा भत्ता पब्लिक चार्जमध्ये (सरकारी मदतीवर अवलंबून असल्याचा इमिग्रेशनचा निकष) मोजत नाहीत आणि घेतला म्हणून सिटिझनशिप अडत नाही. अडेल ती खोट्या माहितीने.

रक्कम आठवड्याला 40 ते 450 डॉलर, वर्षात जास्तीत जास्त 26 आठवडे. तुमच्या पगाराला 450 च बसतील. तुमच्या फ्रीमाँट शहरातल्या भाड्यापुढे ते काहीच नाहीत, पण किराणा आणि विजेचं बिल निघतं. पहिल्या आठवड्याचे पैसे मिळत नाहीत, तरी तोही सर्टिफाय करावा लागतो, म्हणजे त्या आठवड्याच्या प्रश्नांची उत्तरं ईडीडीला द्यावी लागतात. राज्याचा कर लागत नाही, फेडरल लागतो; अर्जातच 10 टक्के कापायला सांगा, म्हणजे एप्रिलमध्ये जड जाणार नाही.

आपल्या बायकांचे अर्ज सगळ्यात जास्त कशावर अडकतात तर नावावर. सोशल सिक्युरिटी कार्डावर माहेरचं आडनाव, ग्रीन कार्डावर सासरचं, लायसन्सवर मधलं नाव नवऱ्याचं. ओळखीतल्या बऱ्याच जणींचे अर्ज मी शेजारी बसून भरून घेतलेत, आणि गाडी इथेच रुतते. सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत जे नाव आहे तेच अर्जात घाला, बाकीची नावं ‘पूर्वी वापरलेली नावं’ मध्ये द्या. ओळखपत्रं मागितली तर त्याच दिवशी अपलोड करा, लग्नाचा दाखलाही हाताशी ठेवा.

नोकरी जाण्याचं कारण ‘लेऑफ’ हेच निवडा. ईडीडी कंपनीलाही विचारते, दोन्ही उत्तरं जुळायला हवीत.

मग दर दोन आठवड्यांनी सर्टिफिकेशन. प्रश्न साधे दिसतात, पण पैसे अडतात ते तिथेच. आजारी होता का, दुसऱ्या कुठल्या कारणाने पूर्णवेळ काम घेता आलं नसतं का, काम शोधलं का, काम नाकारलं का, काही शिक्षण सुरू केलं का, काही कमावलं का. चार तासांचं कन्सल्टिंग केलं तर ते ज्या आठवड्यात केलं त्यातच, कर कापण्याआधीची रक्कम लिहायची, चेक महिन्याने आला तरी. थोड्या कमाईने भत्ता बंद पडत नाही. 25 डॉलर किंवा कमाईचा पाव भाग, यातलं जे जास्त असेल ते सोडून उरलेलंच वजा होतं. कुठे कधी अर्ज केला त्याची वही मात्र ठेवा.

आई-बाबांकडे पुण्याला महिनाभर जायचं म्हणताय. जरूर जा, पण त्या आठवड्यांचा भत्ता सोडून द्या. तुम्ही तिथे असताना इथल्या कामाला उपलब्ध नसता. तिथे बसून ‘उपलब्ध आहे’ म्हणालात, तर पैसे परत, वर 30 टक्के दंड आणि पुढचे 5 ते 23 आठवडे अपात्र. परत आलात की क्लेम पुन्हा उघडता येतो.

वाचणाऱ्या इतरांसाठी: वैध एच-फोर ईएडी (एच-वनबी वाल्यांच्या जोडीदाराला मिळणारा कामाचा परवाना) असेल तर अर्ज करता येतो. एच-वनबी (कंपनीने काढलेला कामाचा व्हिसा) वाल्यांना मात्र सहसा मिळत नाही, कारण कामाची परवानगीच त्या कंपनीशी बांधलेली असते. त्यांनी आधी, नोकरी गेल्यावर नवी कंपनी शोधायला किंवा देश सोडायला मिळणाऱ्या साठ दिवसांच्या मुदतीकडे बघावं.

आणि नकाराचं पत्र आलंच, तर पत्रावरच्या तारखेपासून 30 दिवसांत अपील करा. अपील चालू असतानाही सर्टिफाय करणं थांबवू नका. निकाल तुमच्या बाजूने लागला, तरी पैसे मिळतात ते सर्टिफाय केलेल्या आठवड्यांचेच.