ब्रेक्झिट तीनदा पुढे का ढकललं गेलं आणि लोक नेमके कशावर चिडले होते?

ब्रिटिश संसदेत ‘युरोपीय संघातून बाहेर कसं पडायचं’ (हेच ब्रेक्झिट) यावर बहुमत जमत नव्हतं, म्हणून मुदत वाढत गेली. राग होता तो दिलेली तारीख टळत गेल्याचा. जून 2016 च्या सार्वमतात 51.9 टक्के लोकांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. संघ सोडण्याची प्रक्रिया ठरवणाऱ्या त्याच्या करारातल्या कलम 50 ची दोन वर्षांची मुदत 29 मार्च 2019 ला संपत होती. पण तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी संघाशी केलेला बाहेर पडण्याचा करार खासदारांनी तीनदा फेटाळला, पहिल्यांदा 432 विरुद्ध 202 मतांनी. मुख्य अडचण ब्रिटनचा भाग असलेलं उत्तर आयर्लंड आणि संघात राहणारं आयर्लंड यांच्यातल्या सीमेची: तिथे तपासणी नाके नकोत, म्हणून ठेवलेली ‘बॅकस्टॉप’ची तरतूद ब्रिटनला युरोपच्या जकात व्यवस्थेत अडकवून ठेवील, ही मे यांच्याच पक्षातल्या अनेकांची भीती होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. मग मुदत आधी 12 एप्रिल, नंतर 31 ऑक्टोबर आणि शेवटी 31 जानेवारी 2020 पर्यंत वाढली. मतदारांचा राग मे 2019 च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत स्पष्ट दिसला: ब्रेक्झिट पार्टीला 29 जागा, सत्ताधारी हुजूर पक्षाला फक्त 4. मात्र हा राग एकतर्फी नव्हता. त्याच वर्षी कलम 50 रद्द करा म्हणणाऱ्या याचिकेवर 60 लाखांहून जास्त सह्या झाल्या होत्या.