फक्त फेरीबोटीने जाता येतं अशा नदीतल्या बेटावर राहणं कसं असतं?

तुम्ही विचारलंय की पूल नसलेल्या बेटावर रोजचं राहणं जमतं का, आणि नोकरी शहरात असताना तिथं भाड्याने घर घ्यावं का. मी गोव्यात दिवाडी बेटावर सव्वादोन वर्षं राहिले, नोकरी पणजीत होती, त्यामुळे जे सांगते ते तिथलंच.

दिवाडी म्हणजे मांडवी नदीतलं बेट, जुन्या गोव्याच्या अगदी समोर. जुन्या गोव्यातल्या मोठ्या चर्चजवळून खाली नदीकडे उतरलात की व्हाइसरॉयची कमान लागते आणि कमानीतून पुढं गेलं की थेट फेरीबोटीचा धक्का. दुसरी बोट रायबंदरहून सुटते आणि तिसरी बेटाच्या पलीकडच्या अंगाने डिचोली तालुक्यातल्या नार्वेला जाते. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. नदी ओलांडायला मोजून पाच-सात मिनिटं लागतात, पण बोट समोरच्या काठाला असेल तर ती तिकडे भरणार, निघणार, इकडे येऊन रिकामी होणार आणि मग तुम्ही चढणार, म्हणजे वेळ हा बोटीचा असतो, तुमचा नाही हे पहिल्या आठवड्यातच कळतं.

मी मूळची कोल्हापूरची, एसटी चुकली तर मागून दुसरी येते एवढंच माहीत. पहिल्या महिन्यात मी गाडी दामटत धक्क्यावर यायचे आणि डोळ्यासमोर बोटीचा पुढचा लोखंडी रॅम्प वर उचलला जायचा, साखळ्या खडखडायच्या, काठ आणि बोट यांच्यात हातभर पाणी दिसायला लागायचं आणि मला अक्षरशः रडू यायचं कारण ऑफिसात आज परत लेट मार्क. घरमालकीण आंटी एकदा बरोबर होत्या, त्या शांतपणे कट्ट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "येतली गो बोट, बस मगे." मग मी पण बसायला शिकले. पुढं पुढं तर त्या वीस मिनिटांतच माझ्या सगळ्या ओळखी झाल्या, कुणाची मुलगी दहावीला आहे, कुणाकडे ताजे तिसरे म्हणजे शिंपले मिळतील, प्लंबर कोण चांगला, सगळं धक्क्यावर कळलं. पुण्यात चार वर्षं एका बिल्डिंगमध्ये राहून मला शेजारच्यांचं आडनाव माहीत नव्हतं हो, आणि इथं सहा महिन्यांत मी दोन दिवस बोटीवर दिसले नाही तर लोक आंटींकडे चौकशी करायचे, बरी आहे ना म्हणून.

सकाळी सायकलचा भोंगा वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, येतो, टोपलीत प्लास्टिकखाली गरम पाव, उंडे, कोंड्याच्या पोळ्या. तो भोंगा ऐकू आला की समजायचं अजून वेळ आहे, आणि तो परतीच्या वाटेवर दिसला की पळायचं.

धक्क्यापासून गावाकडे येणारा रस्ता शेतांच्या मधून जातो, आणि ही शेतं साधी नाहीत, खाजन आहेत. म्हणजे भरतीला खारं पाणी जिथं शिरलं असतं ती सखल जमीन मातीचे बांध घालून जुन्या लोकांनी लागवडीखाली आणली. बांधात मानस असते, पाण्याचं दार. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं, भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच दार मिटतं, ना मोटर ना बटण. मी एकदा संध्याकाळी तासभर तिथं उभी राहून बघितलंय, आधी आतलं पाणी बाहेर ओढलं जात होतं, मग दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येऊन थबकलं आणि हळूच लाकडी फळ्या चौकटीला टेकल्या. एवढंच. पण त्या फळ्या नीट टेकल्या नाहीत, बांधाला खेकड्यांनी बिळं पाडली आणि कुणी बुजवली नाहीत तर खारं पाणी शिरून शेत जातं. कोरगुट नावाचं भात खारवट जमिनीत तग धरतं खरं, पण त्यालाही मर्यादा आहे. माझ्या काळातच कितीतरी शेतं पडीक दिसायची आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटायचं, कारण बांध एकट्याने राखता येत नाही, सगळ्यांनी मिळूनच राखावा लागतो.

ऑगस्टमधल्या चौथ्या शनिवारी बोंदेरां असतो, वाड्यांच्या हद्दीवरून पूर्वी भांडणं व्हायची आणि हद्दीला झेंडे लावायचे त्याची आठवण. पोरं फोटाश नावाच्या बांबूच्या नळीतून फळं मारतात. त्या दिवशी बोटीला इतकी गर्दी की आम्ही बेटाबाहेर पडायचंच नाही असं ठरवलेलं असायचं.

आणि मराठी माणसाने नार्वेची फेरी एकदा तरी करावीच. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवर होतं, कदंब राजांचं ते कुलदैवत. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ते पाडलं, मग लोकांनी लिंग नदीपलीकडे नेलं आणि तिथं 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी देऊळ बांधवून घेतलं. त्या मूळ देवळाची कोटितीर्थ नावाची तळी अजून बेटावर आहे. तळी बघायची, मग बोटीने नदी ओलांडून देवळात जायचं. देव ज्या नदीवरून गेला त्याच नदीवरून आपण जातोय हे जाणवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

आता पुलाचं. कोकण रेल्वे बेटावरून जाते, रात्री गाडीचा आवाज घरात ऐकू येतो, पण ती तिथं थांबत नाही. बाहेरून आलेले लोक म्हणतात पूल नको, शांतता जाईल. मी पण म्हणायचे. मग एका रात्री दीडच्या सुमाराला शेजारच्या काकांच्या छातीत कळ आली, आम्ही त्यांना गाडीत घालून धक्क्यावर आणलं तर बोट समोरच्या काठाला, अंधारात. त्यांच्या मुलाने हेडलाइट चालू-बंद केले, आम्ही हॉर्न वाजवत राहिलो. खलाशी बोटीतच झोपले होते, उठले, इंजिन सुरू झालं आणि बोट आली, काका वाचले. पण दिवा हलायला लागेपर्यंतचा तो वेळ मी विसरणार नाही. त्यानंतर पूल हवा की नको यावर मी तोंड उघडलेलं नाही, ते तिथं जन्मलेल्यांनी ठरवावं, त्यांच्यातही एकमत नाहीच.

तुम्ही घर घ्यायचं म्हणत असाल तर डिसेंबरात बघायला जाऊ नका, तेव्हा सगळंच सुंदर असतं. जुलैत जा, सोमवारी सकाळी आठला, पावसात. घर शेताच्या पातळीला आहे की टेकडीकडे चढावर ते बघा, भिंतींना ओल किती चढलीय बघा. घरात वयस्कर किंवा आजारी कुणी असेल तर मी घेऊ नका म्हणेन. बाकी रेनकोट चांगला घ्या, पेट्रोल मी शहराच्या बाजूलाच भरून जायचे, आणि बोटीत गाडी लावल्यावर साइड स्टँडवर सोडून लांब जाऊ नका, धक्क्याला लागताना बोट हिसका देते.

आंटींचा अजून फोन येतो. आधी पावसाचं सांगतात, मग बोटीचं.